ऑक्सिजनच्या दोन्ही बाजूंना कार्बन: ईथरची खरी ओळख

शहादा तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या ताईंनी तीन प्रश्न विचारले आहेत. ईथर हे सेंद्रिय संयुग असेल, तर पुस्तकांत त्याचा उल्लेख कधी संयुगांचा वर्ग, कधी विद्रावक आणि कधी भुलीचे औषध असा वेगवेगळा का येतो? अल्कोहोल आणि ईथर यांचे रेणुसूत्र एकच असताना त्यांच्या वागण्यात एवढा फरक कशामुळे पडतो? आणि वर्गात जे संयुग निष्क्रिय म्हणून शिकवायचे, त्याच्या बाटलीला प्रयोगशाळेतली जुनी माणसे इतकी का जपतात? तिन्ही प्रश्नांचे मूळ एकाच ठिकाणी आहे, म्हणून उत्तर एकत्रच देतो. जळगाव जिल्ह्यात तीस वर्षांहून अधिक काळ मी सेंद्रिय रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके घेतली, त्यामुळे काही ठिकाणी पुस्तकापेक्षा प्रयोगशाळेतल्या ओट्यावरचे बोलणे जास्त होईल.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या दोन्ही बाजूंना हायड्रोजन असतो. त्यांतला एक काढून त्या जागी कार्बनची साखळी जोडली की अल्कोहोल होते, आणि ऑक्सिजन थेट बेन्झीनच्या वलयाला जोडलेला असेल तर फिनॉल. उरलेला हायड्रोजनही काढून तिथे कार्बनचाच गट बसवला की ईथर. बारावीच्या पुस्तकात अल्कोहोल, फिनॉल आणि ईथर एकाच प्रकरणात येतात ते या नात्यामुळे. म्हणजे ईथर हा सेंद्रिय संयुगांचा एक वर्ग आहे आणि ऑक्सिजनने दोन कार्बन जोडणे हा त्या वर्गाचा क्रियात्मक गट, म्हणजे रेणूचे वागणे ठरवणारा भाग. नुसते 'ईथर' म्हटले की व्यवहारात डायएथिल ईथर समजायचे, जसे नुसते 'मीठ' म्हटले की सोडिअम क्लोराइड समजतात, एवढाच वर्ग आणि पदार्थ यांतला घोळ आहे. या व्याख्येला एक अट मात्र विद्यार्थ्यांकडून पक्की करून घ्यावी. त्या दोन कार्बनांपैकी एकावर दुहेरी बंधाने आणखी एक ऑक्सिजन बसलेला असेल तर ते एस्टर होते, आणि एकाच कार्बनवर असे दोन ऑक्सिजन एकेरी बंधांनी आले तर ॲसिटाल. दोन्हींचे रसायन ईथरपेक्षा वेगळे चालते.

हे नाते प्रथम उलगडले ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील अलेक्झांडर विल्यमसन यांनी, १८५० साली. त्यापूर्वी तीनशे वर्षे ईथर माहीत होते. अल्कोहोल आणि सल्फ्युरिक आम्ल तापवून ते मिळे, म्हणून त्याला 'सल्फ्युरिक ईथर' म्हणत, जरी त्यात गंधकाचा एक अणूही नसतो. विल्यमसन यांना खरे तर साध्या अल्कोहोलमध्ये आणखी एक एथिल गट घालून मोठे अल्कोहोल बनवायचे होते. त्यासाठी त्यांनी पोटॅशिअम एथॉक्साइडवर (एथिल अल्कोहोलच्या ऑक्सिजनवरचा हायड्रोजन जाऊन तिथे पोटॅशिअम आलेल्या क्षारावर) एथिल आयोडाइडची क्रिया केली आणि हाती आले ते नेहमीचे ईथर. मग त्यांनी एथिलऐवजी मिथिल आयोडाइड घेतले, तेव्हा एका बाजूला एथिल आणि दुसऱ्या बाजूला मिथिल असे एकच मिश्र ईथर मिळाले. दोन वेगवेगळ्या ईथरांचे मिश्रण मिळाले नाही, यावरून एकाच ऑक्सिजनवर दोन्ही गट बसलेले असतात हे सिद्ध झाले. आपण परीक्षेत 'विल्यमसन संश्लेषण' म्हणून जे लिहून घेतो, ते मुळात एक उत्तम तर्कशुद्ध पुरावा होते. वर्गात नुसते समीकरण लिहून पुढे जाण्याऐवजी दहा मिनिटे या पुराव्याला द्यावीत, असे माझे मत आहे.

आता दुसरा प्रश्न. दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन एवढेच अणू घेऊन दोन पदार्थ होतात. ऑक्सिजन टोकाला राहिला तर एथिल अल्कोहोल, ज्याचा उत्कलनांक ७८ अंश सेल्सिअस आहे. तोच ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये गेला तर डायमिथिल ईथर, जे उणे २५ अंशांच्या आसपासच उकळते आणि आपल्याकडे बाराही महिने वायुरूपातच असते. एका अणूची जागा बदलली आणि शंभर अंशांचा फरक पडला. याचे कारण म्हणजे ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन. अल्कोहोलच्या रेणूत तो असतो, त्यामुळे शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनशी त्याचा हायड्रोजन बंध जुळतो आणि सारे रेणू एकमेकांत गुंतून राहतात. ते सोडवायला उष्णता लागते. ईथरच्या ऑक्सिजनवर असा हायड्रोजनच नाही, म्हणून त्याचे रेणू एकमेकांना धरत नाहीत. डायएथिल ईथर ३४.६ अंशांना उकळते आणि जवळपास तेवढ्याच रेणुवस्तुमानाचे, ऑक्सिजन अजिबात नसलेले पेंटेन ३६ अंशांना. उकळण्याच्या बाबतीत ईथर हायड्रोकार्बनच्या रांगेत बसते, तर त्याचाच समघटक असलेले १-ब्युटेनॉल ११७ अंशांच्या पुढे जाते.

इथे हुशार विद्यार्थी हमखास अडवतो, आणि अडवावेच. मग ईथर पाण्यात पेंटेनपेक्षा पुष्कळ जास्त, अगदी ब्युटेनॉलच्या जवळपास का विरघळते? उत्तर असे की देण्यासाठी ईथरकडे हायड्रोजन नाही, पण घेण्यासाठी ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनांच्या दोन एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेल्या, जोड्या आहेत. पाणी आपला हायड्रोजन पुढे करते आणि ईथर तो स्वीकारते. टेट्राहायड्रोफ्युरान या वलयाकार ईथरमध्ये कार्बनची साखळी वलयात मागे ओढलेली असल्यामुळे ऑक्सिजन उघडा पडतो, आणि म्हणून ते पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते. हे घेता येणे पण देता न येणे एकदा मनात बसले की ईथरचे निम्मे प्रकरण पाठांतराशिवाय येते.

उत्कलनांकाचा हा आकडा खानदेशात कागदावर राहत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणजे ईथरच्या उत्कलनांकापेक्षा दहा अंश वर. बंद बाटलीतले ईथर अशा वेळी उकळत नाही, पण झाकणाखाली बाष्पाचा दाब साठत जातो. एका मे महिन्यात परीक्षा आटोपल्यावर आम्ही साठ्याची मोजणी करत होतो. आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी, ज्यांना सारे आप्पा म्हणत, अर्धी उरलेली बाटली ओट्यावर ठेवून झाकण सैल केले. फस्सकन आवाज झाला आणि बाटलीच्या तळापासून बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागल्या. आप्पा दचकून म्हणाले, "सर, हाई ते बिगर आगनं उकळी ऱ्हायनं!" मी आधी पाहिले ते बाटलीकडे नव्हे, तर ओट्याच्या दुसऱ्या टोकाकडे, कोणाचा बर्नर चालू आहे का ते. ईथरचे बाष्प हवेच्या सुमारे अडीचपट जड असते. ते वर जाऊन विरून जात नाही, तर ओट्यावरून, फरशीवरून सांडलेल्या पाण्यासारखे सरकत जाते आणि लांबच्या ज्योतीपर्यंत पोहोचून आग मागे बाटलीपर्यंत आणते. हिशेबच करायचा तर अर्धा लिटर ईथरपासून साधारण १२० लिटर बाष्प होते, आणि हवेत त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या जवळ गेले की मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणजे एक बाटली सांडली तर सहा घनमीटर हवा धोक्याची होते. त्यासाठी ज्योतच लागते असेही नाही. १८० अंशांपर्यंत तापलेली विजेची शेगडीही पुरते.

त्यानंतर आम्ही ईथरची सगळी प्रात्यक्षिके हिवाळी सत्रात ओढली. कोणी बाटली घरगुती फ्रिजमध्ये ठेवायला सांगितले तर ऐकू नये. त्याच्या आतल्या दिव्याच्या बटणाची आणि थर्मोस्टॅटची ठिणगी बाष्प पेटवायला पुरेशी असते.

नावांनी होणारी फसगतही इथेच निस्तरतो. सरकीच्या पेंडीचा तपासणी अहवाल पाहिलात तर त्यात प्रथिनांच्या खालीच 'ईथर एक्स्ट्रॅक्ट' असा रकाना असतो. त्याचा अर्थ पेंडीत ईथर आहे असा नसून, सॉक्सलेट उपकरणात विद्रावकाने जेवढे तेल ओढून काढले तेवढी टक्केवारी, असा आहे. आणि तो विद्रावक पुष्कळदा ईथरही नसतो, 'पेट्रोलिअम ईथर' असतो. हे पेंटेन, हेक्झेन अशा हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. बाटलीवर ४०–६० किंवा ६०–८० असे आकडे असतात ते त्याच्या उत्कलनाच्या टप्प्याचे. त्यात ऑक्सिजनचा पत्ताच नसल्यामुळे तो कोणत्याही व्याख्येने ईथर ठरत नाही. मात्र तोही ईथरइतकाच सहज पेटतो, त्यामुळे नाव खोटे असले तरी धाक खराच ठेवावा. दुसरी गल्लत ईथर आणि एस्टर यांची. आपल्या जिल्ह्याला केळ्यांची सवय असल्यामुळे उदाहरण सोपे आहे. पिकलेल्या केळ्याच्या वासात मोठा वाटा असतो तो आयसोॲमिल ॲसिटेटचा, आणि तो एस्टर आहे. जुन्या पुस्तकांत अशा एस्टरांनाही ईथर म्हणत, अगदी एथिल ॲसिटेटला 'ॲसेटिक ईथर' म्हणत; तो जुना शब्द अजून कुठे कुठे तग धरून आहे. नावावर जाऊ नये, ऑक्सिजनच्या दोन्ही बाजूंना काय बसले आहे ते पाहावे.

ईथर बनवण्याबद्दल थोडक्यात. एथिल अल्कोहोल आणि संहत सल्फ्युरिक आम्ल १४० अंशांना तापवले आणि अल्कोहोल जास्त ठेवले की दोन रेणूंमधून पाण्याचा एक रेणू निघून ईथर मिळते. तेच मिश्रण १७० अंशांवर नेले की एकाच रेणूतून पाणी निघून एथिलीन मिळते. वेगवेगळे गट असलेले ईथर या पद्धतीने करायला गेलात तर तीन ईथरांची खिचडी होते, म्हणून तिथे विल्यमसनचीच पद्धत घ्यावी. तीही डोळे मिटून नाही. एका बाजूला त्रितीयक ब्युटिल (ज्याचा जोडणीचा कार्बन आणखी तीन कार्बनांना जोडलेला असतो) आणि दुसऱ्या बाजूला मिथिल हवे असेल, तर सोडिअम त्रितीयक ब्युटॉक्साइड आणि मिथिल आयोडाइड घ्यावे. उलट घेतले, म्हणजे हॅलाइड त्रितीयक घेतले, तर मेथॉक्साइडला गर्दीमुळे त्या कार्बनपर्यंत पोहोचता येत नाही. तो बाहेरचा एखादा हायड्रोजन ओढून घेतो आणि ईथरऐवजी अल्कीन, म्हणजे दोन कार्बनांत दुहेरी बंध असलेले हायड्रोकार्बन, होते. बारावीच्या परीक्षेत हा प्रश्न वरचेवर येतो आणि निम्मी मुले समीकरण उलटे लिहितात.

आता निष्क्रियतेचा प्रश्न. अल्कोहोलमध्ये सोडिअमचा तुकडा टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे येतात; कोरड्या ईथरमध्ये तोच तुकडा स्वस्थ पडून राहतो, कारण सोडिअमने हुसकावण्याजोगा हायड्रोजन तिथे नाही. अल्कली, सौम्य आम्ले, नेहमीची क्षपणकारके यांनाही ईथर दाद देत नाही. म्हणून तर ते विद्रावक म्हणून चालते. ज्याच्यात क्रिया घडवायची ते भांडेच क्रियेत सामील झाले तर कसे चालेल? पण ईथर केवळ भांडेही नसते. व्हिक्टर ग्रिन्यार यांनी १९०० साली मॅग्नेशिअमची जी अभिकारके शोधली, ज्यांसाठी त्यांना १९१२ साली नोबेल मिळाले, ती ईथरमध्ये तयार होतात, कारण ईथरचा ऑक्सिजन आपल्या एकाकी जोड्यांनी मॅग्नेशिअमला धरून ठेवतो. त्याच जोड्यांमुळे थंड संहत सल्फ्युरिक आम्लात ईथर ऑक्सोनिअम क्षार होऊन (म्हणजे ऑक्सिजनवर आम्लाचा प्रोटॉन घेऊन) विरघळते आणि पेंटेन मात्र वर तरंगत राहते. एकाच वेळी दोन परीक्षानळ्या धरून हा फरक दाखवला की मुले विसरत नाहीत. फक्त तो बर्फात दाखवावा.

ईथरची ही जोडणी तोडायची तर तापवलेले हायड्रोआयोडिक आम्ल लागते. आधी आम्लाचा प्रोटॉन ऑक्सिजनवर बसतो आणि मग आयोडाइड मागून कार्बनवर हल्ला करतो. एका बाजूचे आयोडाइड होते, दुसऱ्या बाजूचे अल्कोहोल. ॲनिसोलमध्ये, म्हणजे एका बाजूला बेन्झीनचे वलय आणि दुसऱ्या बाजूला मिथिल असलेल्या ईथरमध्ये, तुटते ती नेहमी मिथिलची बाजू, आणि फिनॉल व मिथिल आयोडाइड मिळते. आयोडोबेन्झीन आणि मेथॅनॉल कधीच मिळत नाही, कारण वलयाच्या कार्बनचा ऑक्सिजनशी बंध अधिक बळकट असतो आणि वलयातून मागून हल्ला करायला वाटच नसते. या सर्व नियमांना मोठा अपवाद तीन अणूंच्या वलयाचा. एपॉक्साइडमध्ये ऑक्सिजन आणि दोन कार्बन यांचा त्रिकोण झालेला असतो. साध्या ईथरमध्ये जो कोन ११० अंशांच्या आसपास मोकळा असतो, तो तिथे ६० अंशांत दाबलेला असतो, त्यामुळे ते वलय जराशा निमित्ताने उघडते. एपॉक्सी चिकटद्रव्ये याच ताणावर चालतात.

आणि तरीही मी विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त भीती घातली ती आगीची नव्हे, तर ईथर नुसते पडून राहण्याची. ऑक्सिजनच्या लगतच्या कार्बनवर जो हायड्रोजन असतो, तो उजेड आणि हवा मिळाली की मुक्त मूलकांच्या, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन उरलेल्या कणांच्या, मार्गाने सुटतो. त्या जागी हवेतला ऑक्सिजन शिरतो आणि पेरॉक्साइड तयार होते. निष्क्रिय म्हणतात तो ईथरचा ऑक्सिजन, त्याचा शेजारी नव्हे. डायआयसोप्रोपिल ईथर या बाबतीत सर्वांत वाईट. पेरॉक्साइड ईथरपेक्षा उशिरा उकळते, म्हणून ऊर्ध्वपातन करताना ईथर निघून जाते, ते मागे फ्लास्कमध्ये साठत जाते आणि शेवटच्या थेंबांना स्फोट होतो. ईथर कधीही कोरडे होईपर्यंत आटवू नये ही सूचना त्यासाठीच आहे. तपासणी सोपी आहे. थोड्या ईथरमध्ये पोटॅशिअम आयोडाइडचे आम्लधर्मी द्रावण हलवावे; पिवळा रंग, किंवा स्टार्च घातल्यावर निळा रंग आला तर पेरॉक्साइड आहे असे समजावे आणि फेरस सल्फेटच्या ताज्या द्रावणाने ते धुऊन काढावे. हे झाले ताज्या, स्वच्छ दिसणाऱ्या बाटलीबद्दल. एकदा मला बाह्य परीक्षक म्हणून एका महाविद्यालयात कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात कित्येक वर्षांपूर्वीची तपकिरी बाटली दिसली. पातळी निम्म्यावर, आणि झाकणाच्या आट्यांभोवती मिठासारखे पांढरे स्फटिक. तिथले सहायक ती धुवायला म्हणून उचलणार होते. आम्ही ती हलवूही दिली नाही, खोली बंद केली आणि जाणकार माणसे येईपर्यंत परीक्षा दुसऱ्या इमारतीत घेतली. अशा झाकणाला पीळ देणे म्हणजे स्फोटकाला घर्षण देणे. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिणे हा साठा नोंदवहीचा सोपस्कार नाही.

भुलीबद्दल थोडेसे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे दिली. क्रॉफर्ड लाँग यांनी जॉर्जियात ती १८४२ मध्येच वापरली होती. पेटण्याच्या भीतीमुळे डायएथिल ईथर मागे पडले, पण वर्ग बदलला नाही. आज वापरात असलेली आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन ही द्रव्येही ईथरच आहेत. फक्त हायड्रोजनांच्या बऱ्याच जागी फ्लोरीन बसवून त्यांची ज्वलनशीलता काढून घेतली आहे.

ताईंनी शेवटी विचारले आहे, की आपल्या परिसरातले काही उदाहरण देता येईल का. दोन देतो. पहिले कापसाचे. जिनिंगनंतर सरकीवर जी आखूड लव राहते ती जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते. सेल्युलोजमधल्या ग्लुकोजच्या प्रत्येक एककावर तीन मोकळे हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणजे रसायनाच्या दृष्टीने ते एक अवाढव्य अल्कोहोलच आहे. त्याला कॉस्टिक सोड्यात भिजवून सोडिअम मोनोक्लोरोॲसिटेट घातले की विल्यमसनचीच क्रिया होते आणि कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज मिळते, जे आइस्क्रीम दाट ठेवायला आणि कापडछपाईच्या खळीत वापरतात. कापूस पाण्यात विरघळत नाही, हे ईथर विरघळते. साखळ्यांना एकमेकींशी जखडून ठेवणारे हायड्रोजन बंध नव्या गटांनी मोडलेले असतात आणि त्या गटांवरचा विद्युतभार पाण्याला ओढतो. ग्लुकोजची एकके ज्या ऑक्सिजनने एकमेकांना जोडलेली असतात तो मात्र ॲसिटाल आहे, ईथर नव्हे. सुरुवातीला घातलेली अट इथे लागते.

दुसरे उदाहरण घरातल्या मसाल्याच्या डब्यातले. हळदीतले कर्क्युमिन, मिरचीतले कॅप्सेसिन आणि लवंगेतले युजेनॉल या तिन्हींत बेन्झीनच्या वलयावर मेथॉक्सी गट, म्हणजे ईथरची जोडणी आहे, आणि तिच्या शेजारी फिनॉलचा हायड्रॉक्सिलही आहे. बडीशेप आणि चक्रफुलातल्या ॲनेथोलमध्ये मेथॉक्सी आहे, पण हायड्रॉक्सिल नाही. डायएथिल ईथर वर्गात उघडण्याऐवजी एका परीक्षानळीत लवंगेच्या तेलाचे आणि दुसरीत चक्रफुलाच्या तेलाचे दोन-दोन थेंब अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावेत. चक्रफुलाचे तेल डिसेंबरात धुळ्याकडच्या थंडीत थिजलेले असेल, तर बाटली क्षणभर कोमट पाण्यात धरावी. मग दोन्हींत फेरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणाचा एकेक थेंब सोडावा. लवंगेच्या नळीत फिनॉलमुळे निळसर-हिरवट छटा उमटते. चक्रफुलाच्या नळीत फेरिक क्लोराइडचा स्वतःचा पिवळेपणा तेवढा दिसतो, कारण तिथल्या ऑक्सिजनच्या दोन्ही बाजूंना कार्बन आहे.